धुरपदाबाईचा फेटा

चैत्रात पांझरेचं पाणी आटून एका काठाला लागतं, आणि उरलेल्या वाळूवर देवपूरच्या अंगाला देवीची जत्रा भरायची. भरायची म्हणण्यापेक्षा उगवायची म्हणावं. काल जिथे डांगरांचे वेल पसरलेले असत, तिथे आज गल्ल्या पडलेल्या दिसत. रेवड्यांचे ढीग, काकणांचे हारे, करकरणारे लाकडी पाळणे, आणि सगळ्यांच्या पलीकडे नाटक कंपनीचा मोठा कनाती मंडप. दिवेलागणीला गॅसबत्त्या पेटल्या की धुळ्याच्या काठावरून बघणाऱ्याला वाटे, आभाळ आज जरा कलंडलंय आणि त्यातलं काहीबाही वाळूवर सांडलंय.

त्या उजेडाच्या वर, धुळीच्याही वर, एक आवाज तरंगत असायचा. बाईचा आवाज, थोडा घोगरा, गाण्याच्या आणि बोलण्याच्या मधला. लाउडस्पीकरचे कर्णे अजून जत्रेत आले नव्हते. आवाजाला स्वतःच्या पायांनीच चालावं लागे. हा आवाज चालत चालत पाळण्यांपर्यंत जाई, तिथून मिठाईच्या गल्लीत वळे, आणि कुठल्यातरी घाबऱ्या आईच्या कानापाशी जाऊन थांबे. लोक त्याला हरवलेल्या पोरांचा आवाज म्हणत. तो आवाज धुरपदाबाईचा.

त्याची सुरुवात फार गमतीची झाली. धुरपदा तेव्हा नवी नवरी होती. नवरा चिंधा गाडीवान होता. एरवी सरकी काढायच्या जिनाकडे कापूस ओढायचा, जत्रेत माणसं ओढायचा. गाडीच्या सावलीत ती बसलेली असताना एक पोरगं आलं आणि तिच्या लुगड्याचा काठ धरून उभं राहिलं. रडेना, बोलेना. खूप विचारल्यावर नाव तेवढं सांगितलं, उखर्डू.

चिंधा गाडीच्या जुवावर चढला आणि ओरडला, "उखर्डूनी माय, कोठे शे वं?"

झालं. आमच्याकडे आधीची मुलं दगावली की पुढच्याचं नाव मुद्दाम असं ठेवतात, उकिरड्यावरचं, चिंधीतलं, म्हणजे मरणालाही ते उचलावंसं वाटू नये. चिंधाचं स्वतःचं नाव त्याच कारणानं पडलेलं. जत्रेत उखर्डूंना काय तोटा? चहूकडून बाया धावत आल्या. एकमेकींना ढकलू लागल्या. एक म्हातारी तर मिशीवाल्या उखर्डूसाठी आली होती. तो सकाळीच शिंदीच्या दुकानाकडे गेला होता आणि परतला नव्हता. गाडीपाशी एवढी गर्दी झाली की ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते पोरगं भेदरून गाडीखाली शिरलं.

धुरपदानं त्याला बाहेर ओढलं, मांडीवर घेतलं आणि नीट न्याहाळलं. मग काय मनात आलं कोण जाणे, तिनं गळा मोकळा सोडला. माहेरी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावर उभं राहून पोरी समोरच्या झोक्यावरच्या पोरींना जशी बसल्याजागी रचलेली गाणी ऐकवतात, तशी ती गायली:

"एक पायमा वाळा शे, दुसरा पाय मोकळा शे,
गालवर काजळ पसरेल, माय कोठे विसरेल?"

सगळ्या उखर्डूंच्या आयांनी आपापल्या उखर्डूचे पाय आठवून पाहिले आणि एकेक करून त्या पांगल्या. थोड्या वेळानं काकणांच्या गल्लीतून एक बाई धापा टाकत आली. तिच्या मुठीत एक वाळा होता.

तेव्हापासून दर चैत्रात जत्रेतली हरवलेली पोरं धुरपदाबाईकडे येऊ लागली. नाटकाच्या मंडपामागे, कनातीच्या आडोशाला, तिनं सतरंजी टाकली. पोरांना ती फुटाणे देई, पाणी देई, नाक पुसे, आणि ज्याच्या अंगावर जे असेल त्याचं गाणं करी. कुणाच्या बंडीला वेगळ्या रंगाचं ठिगळ, कुणाच्या दंडाला काळा दोरा, कुणाला मायचं नाव येत नाही पण गोठ्यातल्या गाईचं येतं. मग ती गाईला हाक मारी, आणि गाईची मालकीण धावत येई. यात तिची वर्षं गेली. तिची स्वतःची पोरं त्याच सतरंजीवर रांगली, मोठी झाली आणि पाळण्यांकडे पळाली.

घरातून परवानगी मात्र सहज मिळाली नव्हती. सासू तानुबाई म्हणाली होती, "सून जत्रामा गाणं म्हनस, लोक काय म्हनतीन?" पण चिंधानं आईची समजूत घातली, आणि मग अटी ठरल्या. कनातीबाहेर पाऊल टाकायचं नाही. डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. आणि जेठाच्या कानावर आवाज पडता कामा नये.

ही शेवटची अट मोठी अवघड होती. जेठ म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, हिलाल. आमच्या घरांमध्ये जेठ आणि धाकट्याची बायको यांच्यात अदृश्य भिंत असते. तिनं त्याच्यापुढे तोंड उघडायचं नाही, त्यानं तिच्या अंगावर सावलीही पडू द्यायची नाही. एका घरात, एका चुलीवर इतकी वर्षं काढूनही हिलाल तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. भूक लागली की तो ओट्यावर बांधलेल्या वासराला सांगायचा, "वासरा, घरमा कोन्ही व्हई ते सांग, माले भाकर पाहिजे." धुरपदा आतून बांगड्या वाजवायची. म्हणजे ऐकलं. वासरू बिचारं दोघांच्या मध्ये मान हलवत उभं असायचं.

आणि आवाज तर नदी ओलांडून जाणारा. हिलाल पलीकडे गावात तालीम चालवायचा, आणि जत्रेच्या दिवसांत तो मुद्दाम तालमीतच बसून राही. कुणी चेष्टेनं विचारलंच, "हिलालभाऊ, भावजय काय गास, ऐकी राहिना का?" तर तो म्हणे, "पुरामा मना कानमा पानी गयं, माले काही ऐकाले येत नही." त्याच्या कानाला काही झालेलं नव्हतं. तालमीच्या दुसऱ्या टोकाला कुणी कुजबुजलं तरी त्याला कळत असे.

पुराची गोष्ट मात्र खरी होती. दोन पावसाळ्यांपूर्वी पांझरा फरशीपुलावरून वाहू लागली तेव्हा कमरेला दोर बांधून हिलाल पाण्यात उतरला होता आणि अडकलेली माणसं एकेक करून काठाला आणली होती. त्याबद्दल त्याला गेल्या साली जत्रेचा मानाचा फेटा मिळाला होता.

या फेट्याबद्दल सांगायला हवं. जत्रेची व्यवस्था बघणारं एक मंडळ होतं आणि सोहनलालशेठ त्याचे प्रमुख. मारवाडातून आलेलं त्यांचं घराणं, पण शेठ धुळ्याच्या मातीत असे मुरले होते की ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशिवाय त्यांना जेवण जात नसे. गावासाठी जो कुणी काही न मागता राबेल, त्याला मंडळ जत्रेच्या शेवटच्या संध्याकाळी, नाटकाचा पडदा उघडायच्या आधी, रंगमंचावर बोलवून फेटा बांधायचं. फेटा एकच. डाळिंबी रंगाचा, लांबच लांब, देवीच्या पायांवरून आणलेला. ज्याला मिळाला त्याच्या घरी तो वर्षभर राहायचा, आणि पुढच्या साली त्यानंच तो आपल्या हातानं नव्या माणसाच्या डोक्याला बांधायचा. इन्फ्लुएंझाच्या साथीत मढी वाहणारा धनसिंग, घाटाच्या पायऱ्या बिनमजुरीनं बांधणारा एक गवंडी, असे हातोहात तो फेटा चालत आला होता. फेट्याच्या माणसाला नाटकाच्या पुढच्या बाकावर जागा असायची. त्यानं काही म्हटलं तर मंडळ ऐकायचं. असा तो फेटा सध्या हिलालच्या ट्रंकेत होता.

त्या साली जत्रा निम्मी झाली असताना चिंधा मंडळाकडून धावतच आला. गाडी सोडली, बैलांना पाणी दाखवायचंही विसरला.

"माय, यंदाना मानसाठे आपली धुरपदानं नाव काढेल शे."

"कोनी काढं?"

"शेठनी. मंडळना बठ्ठा हो म्हनेत."

तानुबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग ती व्यवहारावर आली. "पन बाईमाणूसले फेटा कसा बांधतीन?"

"फेटा नही. लुगडं-चोळी. शेठाणी वटी भरीन."

"मंग शेठले सांग, काठ जरना पाहिजे. गेला साल लिधेल लुगडाना रंग पहिला धुण्यामाच गया."

धुरपदा चुलीपुढे होती. तिनं तव्यावरची भाकर उलटली. ती भाजली गेली होती, तरी पुन्हा उलटली. तिच्या मनात जे लखकन पेटलं होतं, ते लुगडं शब्दापाशी येऊन हळूच विझलं. आणि विझल्यावरच तिला कळलं की ते पेटलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कनातीमागे भाईदास आला. नाटक कंपनीत नायिकेच्या भूमिका करणारा हा नट मूळचा चाळीसगावकडचा, गोरा, हसरा, जिभेला धार असलेला. रोज तोंडाला रंग लावून झाला की पहिल्या घंटेपर्यंतचा वेळ तो धुरपदाबाईच्या पोरांत घालवायचा. हरवलेलं पोर रडत असलं आणि समोर अर्धा रंगवलेला, नऊवारी नेसलेला, विडी ओढणारा माणूस येऊन बसला, की त्याचं रडू आपोआप थांबतं.

"अक्का, गोड बातमी ऐकली," तो म्हणाला. "आणि तुमचं तोंड तर असं, जशी काही ट्रंक चोरीला गेली."

"काही नाही, भाऊ."

"मी बायकांचे चेहरे करून पोट भरतो. मला काही नाही म्हणून चालायचं नाही."

धुरपदा एका पोराचे केस विंचरत होती. गुंता सोडवता सोडवता म्हणाली, "लुगडं मला आखाजीला माहेराहून मिळतं. भाऊबीजेला मिळतं. नणंदेच्या लग्नात मिळालं, पोरं झाली तेव्हा मिळालं. लुगडं नात्याचं असतं, भाऊ. कुणाची तरी लेक, कुणाची तरी सून म्हणून. फेटा कामाला मिळतो."

भाईदासनं विडी वाळूत विझवली. "म्हणजे तुम्हाला फेटा हवाय."

तिनं पोराच्या केसांत पुन्हा फणी घातली.

"मग त्यात काय? मी रोज लुगडं नेसतो, गाव काही बुडालं नाही."

"तुमचं लुगडं बघायला लोक तिकीट काढतात."

"तुमच्या फेट्यालाही काढतील. मी शेठला सांगू?"

धुरपदानं फणी खाली टाकली. "माझी शपथ आहे, बोलू नका. फेटा आमच्या जेठांच्या हातानं बांधायचा असतो. ते मला हात लावणार, भर जत्रेत? हे नुसतं कानावर गेलं तरी सासूबाई म्हणतील, बाई चढली. मग सतरंजी उचलतील माझी. आहे तेही जाईल, भाऊ."

तेवढ्यात पहिली घंटा झाली. भाईदास उठला, पदर सावरला आणि आत गेला. नटाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कनातीच्या पाठीमागे आयुष्य घालवलेल्या माणसाला एकदा तरी पुढे येऊन उभं राहावंसं वाटतं, आणि ते वाटणं काही पाप नव्हे. पण शपथ ती शपथ.

जत्रा संपायला दोन दिवस उरले तेव्हा तानुबाईनं सुनेला फेटा उन्हात टाकायला सांगितला. वर्षभर ट्रंकेत राहिलेलं कापड, त्याला कडुनिंबाच्या पाल्याचा वास लागलेला. तो घालवून, नीट घडी करून मंडळाकडे पोचवायचा होता. सासू देवळात गेली, चिंधा गाडी घेऊन गेला, हिलाल विहिरीवर होता. घर रिकामं.

धुरपदानं परसात दोरी बांधली आणि फेटा पसरला. चैत्रातलं सकाळचं ऊन, त्यात ते डाळिंबी कापड, त्यातून वारा. साऱ्या परसाचा रंग बदलला. भिंत, तुळस, तिचे हात, सगळं डाळिंबी झालं. कुठल्यातरी झाडाचा मोहोर गळत होता आणि तोही डाळिंबी होऊन खाली येत होता. ती त्या कापडाच्या आत उभी राहिली. मग कधी तिनं एक टोक ओढून घेतलं, कधी पदरावरून एक वेढा घेतला, दुसरा घेतला, तिला नीट कळलंही नाही. परसातल्या हौदाच्या पाण्यात ती वाकली. पाण्यातून एक माणूस तिच्याकडे बघत होतं. बाई की पुरुष, सून की सासू, काही सांगता येऊ नये असं. ज्याचं काम पुरं झालंय असं एक माणूस. धुरपदा त्याच्याकडे पाहून हसली, आणि तेही हसलं.

मागे काहीतरी हललं.

ती वळली तेव्हा दारात कुणी नव्हतं. पण उंबऱ्याच्या दगडावर ओल्या पावलांचे ठसे होते. मोठे, रुंद, तालीम केलेल्या माणसाचे. परसाकडे येणारे, आणि लगेच मागे फिरलेले. उन्हानं ते तिच्या डोळ्यांदेखत वाळत चालले होते.

त्या दिवशी ओट्यावरून भाकर मागितली गेली नाही. वासरू उगाच आत बघत राहिलं. दुपारी चिंधा आला, म्हणाला, "दादा शेठकडे गया. काय काम शे, सांगं नही. तोंड आसं करेल व्हतं, मी इचारंबी नही."

आता काय होणार हे धुरपदाला स्पष्ट दिसत होतं. हिलाल सांगेल, आमच्या घरात मान नको, गाणंही नको. आणि त्याचं चूक म्हणावं तरी कसं? देवीच्या पायांवरचं कापड, जेठाच्या डोक्यावरचं, तिनं आपल्या डोक्याला गुंडाळलं होतं.

संध्याकाळी ती नेहमीसारखी सतरंजीवर जाऊन बसली. एक छोटी मुलगी आणली गेली, हातात अर्धा खाल्लेला बत्तासा. धुरपदा गायली. ते गाणं फार लांब झालं. बत्ताशावर दोन ओळी, झग्यावर दोन, डाव्या भुवईवरच्या तिळावर चार. मुलीची आई येऊन उभी राहिली तरी गाणं संपेना. आई तशीच ऐकत राहिली, मुलगी कडेवर घेऊन. पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला. नदीपलीकडे तालमीत त्या वेळी दिवा लागला होता, आणि त्या दिव्यापुढे कुणीतरी दाराशी येऊन उभं राहिलेलं जत्रेतल्या लोकांना दिसलं.

शेवटची संध्याकाळ उजाडावी तशी उगवली. मंडप काठोकाठ भरलेला. पडद्याच्या पुढे रंगमंचाची चिंचोळी पट्टी, दोन्ही बाजूंना गॅसबत्त्या, त्यांच्याभोवती किडे. चिंधानं बायकोला विंगेपर्यंत आणून सोडलं आणि तो स्वतःच घाबरून मागे सरकला. धुरपदा पुढे आली. समोर अंधार, आणि अंधारात चेहरेच चेहरे. रंगमंचावर पहिल्यांदा उभं राहिलेल्या माणसाला वाटतं, आपले पाय दुसऱ्याच कुणाचे आहेत. तिला तसंच वाटलं.

सोहनलालशेठ थोडक्यात बोलले. "जत्रेत ज्यांचं काही हरवलं आणि या बाईंमुळे सापडलं, त्यांनी हात वर करा," एवढंच म्हणाले. अंधारात हात वर होत गेले. कितीतरी वेळ होत गेले. त्यात मिशा फुटलेले पुष्कळ होते, एकेकाळी कधीतरी सतरंजीवर बसून फुटाणे खाल्लेले.

शेठाणी राजकुंवरबाई झाकलेलं ताट घेऊन आल्या. त्यांनी धुरपदाला कुंकू लावलं, हातात नारळ दिला. मग ताटावरचा रुमाल काढला.

ताटात लुगडं नव्हतं. डाळिंबी घडी होती.

मंडपातून कुणीतरी म्हणालं, "वो शेठ, ताट बदलाई गयं वाटस," आणि हशा पिकला. पण तेवढ्यात पायऱ्यांवर हिलाल दिसला आणि हसू मध्येच थांबलं. पुढच्या रांगेतून एक म्हातारा पुटपुटला, तेही सगळ्यांना ऐकू गेलं: "जेठ भावजयले हात लावी का आते?"

हिलालनं ताटातून फेटा उचलला. धुरपदाकडे त्यानं पाहिलं नाही. नजर जमिनीवर ठेवून तो लोकांशी बोलला, आखाड्यात बोलतो तशा आवाजात.

"मी कोणतीच रीत मोडाव नही. फेटा गेला सालवालानी बांधाना, हाई एक रीत. जेठनी भावजयले हात लावाना नही, हाई दुसरी. एक टोक मना हातमा ऱ्हाई. दुसरं टोक जिनं शे तिनी घेवाना. मधमा कापड शे. कापडले नातं नही ऱ्हास."

एवढं बोलून त्यानं एक टोक आपल्या मुठीत गुंडाळलं आणि बाकीची घडी रंगमंचावर सोडून दिली. कापड उलगडत धुरपदाच्या पायांशी आलं. मग तो मागे मागे सरकत दुसऱ्या टोकाला गेला आणि पाय रोवून उभा राहिला. पुरात दोर धरून उभा राहायचा तसा.

धुरपदानं टोक उचललं. एवढी माणसं बघत असताना फेटा कसा बांधतात हे ती पार विसरून गेली. तेव्हा विंगेतून, अगदी ओठांतल्या ओठांत, भाईदासचा आवाज आला. नायिकेच्या पूर्ण वेषात, नाकात नथ, तो पडद्याच्या काठाशी उभा होता.

"टोक दातात धरा, अक्का. पहिला वेढा कपाळावरून. पदरावरूनच घ्या. हं. आता हात नका फिरवू. तुम्हीच फिरा."

ती फिरली. पहिल्या फेरीला लोक दिसले, मग पडदा, मग गॅसबत्ती, मग दूर उभा असलेला हिलाल. दुसऱ्या फेरीला पुन्हा लोक, पडदा, बत्ती, हिलाल. कापड ताठ होतं, ना सैल ना ओढ. ती फिरेल तसतसं तो ते जोखून सोडत होता. तिसऱ्या, चौथ्या फेरीपासून सगळं एकमेकांत मिसळलं. बत्त्यांची एक लांब पिवळी रेघ झाली, लोकांचे चेहरे नदीसारखे वाहू लागले, डोक्यावरचं ओझं वाढत गेलं आणि पाय मात्र हलके होत गेले. फिरता फिरता ती रंगमंचावर पुढे सरकत होती. झोक्यावर वर जाताना जमीन जशी खाली राहते तसं काहीतरी मागे राहत होतं.

ती थांबली तेव्हा तिच्या आणि हिलालच्या मध्ये वीतभर कापड उरलं होतं. इतक्या वर्षांत ती त्याच्या इतक्या जवळ कधी आली नव्हती. त्याच्या कानाची मोडलेली पाळी तिला दिसली, पिकलेल्या मिशा दिसल्या. तो अजून खालीच बघत होता. त्यानं मूठ उघडली. सुटलेलं टोक धुरपदानं हातानं वर घेतलं आणि वेढ्यात खोचलं.

टाळ्या उशिरानं आल्या, पण आल्या त्या थांबेनात. बायकांच्या बाजूला तानुबाईला शेजारीण म्हणाली, "बाई वं, सूननी फेटा बांधा."

"बांधा ते बांधा," तानुबाई म्हणाली. "डोकावरना पदर ढळना का? देख ना नीट."

रिवाजाप्रमाणे डफ वाजत जत्रेची एक फेरी झाली. धुरपदा पुढे, मागे सगळे. रेवडीवाल्यांनी मूठमूठ रेवड्या उधळल्या. बाया फेट्याचा सोगा हातात घेऊन डोळ्यांना लावत होत्या. घाटाच्या पायऱ्यांशी तिनं पाण्याला हात लावला. नदीत चंद्र होता, बत्त्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये एक डाळिंबी ठिपका होता. ती तिथेच बसून राहिली असती, पण नाटकाची दुसरी घंटा झाली.

मंडपात आली तेव्हा पुढच्या बाकावर फेट्याची जुनी माणसं बसली होती. धनसिंग, गवंडी, आणि कडेला हिलाल. मधली जागा तिच्यासाठी मोकळी होती. ती बाकापर्यंत गेली आणि थबकली. जेठाच्या बरोबरीनं, एका बाकावर, ती कशी बसणार? ती तशीच उभी राहिली, नारळ छातीशी धरून.

मागून ओरड झाली. "बाई, बसा की. फेट्यापुढे काही दिसत नाही."

तिसरी घंटा झाली. धनसिंगनं सरकून आणखी जागा केली, तिनं मान हलवली. मागची ओरड वाढली. तेव्हा हिलाल उठला. तो बाकाच्या पुढे गेला आणि खाली वाळूवर, जिथे फुकटी पोरं दाटीवाटीनं बसतात तिथे, त्यांच्यामध्ये मांडी घालून बसला. एका पोरानं वळून त्याच्याकडे पाहिलं आणि घाबरून जागा दिली. उघड्या डोक्याचा तो थोराड माणूस पोरांच्या घोळक्यात वर उठून दिसत होता, म्हणून त्यानं खांदे थोडे पाडून घेतले.

धुरपदा बाकावर बसली. हे नाटक तिनं कनातीमागून कितीतरी वेळा ऐकलं होतं, त्यातली पदं तिला पाठ होती, पण ते दिसतं कसं हे तिला ठाऊक नव्हतं. पडदा वर गेला. रंगवलेला बाग होता, रंगवलेलं कारंजं होतं, आणि त्या कारंज्यापाशी फुलांची परडी घेऊन नायिका आली. इतकी सुंदर, की हाच तो विडी ओढणारा भाईदास हे सांगूनही कुणाला पटलं नसतं.

नायिकेनं परडी खाली ठेवली, मान वर केली, आणि पुढच्या बाकावरच्या डाळिंबी फेट्यावर तिची नजर गेली ती तिथेच राहिली. पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला. पडद्याआडून प्रॉम्प्टरनं नायिकेला पदाची पहिली ओळ सांगितली. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं सांगितली.